वसतिगृहाविना इंग्रजी : न्यू जर्सीतील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

जून २०२३ मध्ये कराड तालुक्यातील एका गावाहून न्यू जर्सीतील एडिसन येथे आलेल्या एका गृहिणीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीच्या वर्गाला नाव घातले. या कॉलेजला वसतिगृह नाही. राज्यातील अठरा कम्युनिटी कॉलेजांपैकी बहुतेकांना ते नसतेच, कारण आसपासच्या गावांतून रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्यांसाठीच ती काढलेली आहेत. आमच्या मराठी मंडळींत या बाईंना सगळे वहिनी म्हणतात आणि लेखातही तेच संबोधन ठेवले आहे. येथील एका सार्वजनिक ग्रंथालयात दर शनिवारी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो, त्यात मी स्वयंसेवक म्हणून बसतो. त्या नात्याने वहिनींची पहिली तीन सत्रे मला जवळून पाहता आली. वर्गाबाहेर आपण किती इंग्रजी बोललो याची त्यांनी एक वही ठेवली होती. ती त्यांनी मला वाचायला दिली, आणि या लेखाचा मसुदा वाचून त्यातले दोन प्रसंग काढायलाही लावले.

वहिनींचे वय तेव्हा अडतीस होते. शिक्षण रसायनशास्त्रातील पदवीपर्यंत झालेले, शाळा मराठी माध्यमाची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली, त्यामुळे त्यांच्या पिढीला ती भाषा पाचवीत भेटली आणि शेवटपर्यंत ती फळ्यावरची भाषाच राहिली. लग्नानंतर सहा वर्षे त्यांनी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले होते. उसाच्या रसाचे ब्रिक्स आणि पोल, म्हणजे त्यात विरघळलेल्या घटकांचे आणि साखरेचे प्रमाण, काढून तक्ते भरणे, वरिष्ठांना इंग्रजीत अहवाल लिहून देणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. कॉलेजच्या पातळी-चाचणीत त्यामुळे एक विचित्र चित्र दिसले. वाचन आणि व्याकरण यांत त्या वरच्या पातळीवर बसत होत्या. ऐकणे आणि बोलणे यांत जवळजवळ तळाला होत्या. भारतातून आलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांत हे चित्र नेहमीचे आहे, आणि घोटाळ्याचेही, कारण कागदावरचे गुण पाहून घरच्यांना वाटते की हिला इंग्रजी येते, फक्त धीर होत नाही. धीराचा प्रश्न होताच, पण तो पुढचा.

व्हिसाची बाजू थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण प्रकरणाचा पुष्कळसा भाग तिच्यावर अवलंबून आहे. वहिनी एच-४ व्हिसावर आहेत, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या पतीवर अवलंबून. या व्हिसावर शिकायला पूर्ण मुभा असते; एक विषय घ्या किंवा चार, वेगळा विद्यार्थी व्हिसा काढावा लागत नाही. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर केवळ इंग्रजी भाषा शिकायला आलेल्यांना मात्र वर्गातले शिक्षण असेल तर आठवड्याला किमान अठरा घड्याळी तास हजेरी लावावी लागते. वहिनींनी दोन विषय घेतले, दोन्ही मंगळवारी आणि गुरुवारी, प्रत्येक तास ऐंशी मिनिटांचा. म्हणजे आठवड्याचे पाच तास वीस मिनिटे. एफ-१वरच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या आवारातच, ग्रंथालयाच्या काउंटरवर किंवा उपाहारगृहात, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत नोकरी करता येते. एच-४वर कामाचा परवाना मिळाल्याशिवाय तेही करता येत नाही. तो परवाना २०१५ पासून मिळू लागला, पण ज्यांच्या पतीचे किंवा पत्नीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यापुढे गेले आहे त्यांनाच. वहिनींच्या घरचे प्रकरण तिथवर पोहोचलेले नव्हते. वसतिगृह नाही आणि आवारात कामही नाही, अशा स्थितीत कॉलेजशी त्यांचा संबंध उरला तो फक्त वर्गाच्या चार भिंतींपुरता.

पहिले सत्र

घर ओक ट्री रोडच्या जवळ. कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. मोटारीने हे अंतर अठरा मिनिटांचे आहे; बसने, मध्ये एक बस बदलून आणि थांब्यापर्यंतचे चालणे धरून, एक तास दहा मिनिटांचे. घरी मोटार एकच होती, ती पती घेऊन जात, आणि वहिनींना चालवता येत नव्हती. पहिला तास साडेनऊला, दुसरा अकरा ते बारा वीस. बारा पस्तीसची बस पकडायची म्हणून त्या दुसऱ्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांतच वही-पेन पिशवीत भरून बसत. पुढची बस तासाभराने होती. मुलीची शाळेची बस तीन पंचवीसला कोपऱ्यावर येई आणि त्या वेळी तिथे कोणीतरी मोठे माणूस उभे असणे आवश्यक होते.

या वेळापत्रकाचा हिशेब आम्ही पुढे डिसेंबरात मांडला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी सप्टेंबरातच ध्यानात यायला हरकत नव्हती. एक पस्तीसच्या बसने निघाल्या असत्या तरी त्या पावणेतीनला घरी पोहोचल्या असत्या, मुलीच्या बसच्या चांगल्या चाळीस मिनिटे आधी. तरीही सबंध सत्रात त्यांनी एकदाही पहिली बस सोडली नाही. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वर्ग संपल्यावर तिथं थांबून करायचं काय?" हा प्रश्न मला फार नेमका वाटतो. वसतिगृहात राहणाऱ्याला तो पडत नाही, कारण वर्ग संपल्यावर तो जातो ते त्याच आवारातल्या खोलीकडे, आणि वाटेत त्याला कोणी ना कोणी भेटतेच.

वर्गात किती बोलणे होते, याचाही हिशेब करून पाहावा. ऐकण्या-बोलण्याच्या वर्गात अठरा जण होते. ऐंशी मिनिटांतली निम्मी शिक्षिकेच्या बोलण्यात आणि ध्वनिफीत ऐकण्यात गेली असे धरले, तर उरलेल्या चाळीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटे येतात. दोघादोघांच्या जोड्या लावल्या की हा आकडा वाढतो, पण वहिनींची जोडी बहुतेक वेळा शेजारच्या गुजराती बाईंशी लागे, आणि शिक्षिका पुढच्या बाकाकडे वळल्या की संभाषण हिंदीत उतरे. वहीतली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याची नोंद अशी आहे : वर्गाबाहेर बोललेली इंग्रजी वाक्ये नऊ, त्यांपैकी पाच "थँक यू", सगळी बसचालकाला.

परदेशात राहून हे कसे शक्य आहे, असा प्रश्न ज्यांनी एडिसन पाहिलेले नाही त्यांना पडेल. थॉमस एडिसनच्या नावाने १९५४ पासून ओळखल्या जाणाऱ्या या गावात आणि शेजारच्या इझलिनमध्ये ओक ट्री रोडवरून तासभर फिरले तरी इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढावा लागत नाही. वाणसामान गुजरातीत मिळते, साडीला फॉल हिंदीत लागतो, दाताचे डॉक्टर मराठी आहेत, आणि सणासुदीला मराठी मंडळ आहेच. नव्याने आलेल्या माणसाला हा मोठा आधार असतो, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण भाषा शिकायला परदेश पुरेसा असतो, हा समज इथे टिकत नाही. वहिनींचे घर, बाजार आणि देऊळ मराठी, गुजराती आणि हिंदीत होते, आणि इंग्रजी होती ती आठवड्यातून दोनदा, तीही सव्वा तासाच्या प्रवासाच्या पलीकडे.

बसमधला नकार

ऑक्टोबरच्या अखेरीस एक प्रसंग घडला. दुसऱ्या बसच्या मार्गावर रस्त्याचे काम चालू होते. वहिनींनी चढताना चालकाला कॉलेजचे नाव सांगून बस तिथे थांबेल ना, असे नेहमीचे पाठ वाक्य विचारले. चालकाने उत्तर दिले, वहिनींना त्यात "कॅन स्टॉप" ऐकू आले आणि त्या निर्धास्त बसल्या. बस वळण घेऊन कॉलेजच्या मागच्या बाजूने निघून गेली. त्यांनी दोरी ओढली तोवर दीड मैल पुढे, गोदामांच्या वस्तीत, त्या उतरल्या. त्या रस्त्याला फुटपाथ नाही. कडेच्या ओल्या गवतातून, बाजूने धडधडत जाणारे मालट्रक चुकवत, त्या चालत परत आल्या तेव्हा पहिला तास निम्मा होऊन त्यातली ऐकण्याची छोटी परीक्षाही उरकली होती.

चालक म्हणाला होता ते "थांबू शकत नाही" असे. हा घोटाळा वहिनींच्या एकटीचा नाही, म्हणून तो नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकन बोलण्यात "आय कॅन स्टॉप" हे वाक्य "आय क्न स्टॉप" असे ऐकू येते. होकारातला स्वर जवळजवळ गिळला जातो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो. नकारात मात्र स्वर पूर्ण आणि ठसठशीत येतो, "कॅन", आणि शेवटचा "ट" घशातच अडून राहतो. आपण शाळेत होकार "कॅन" आणि नकार "कान्ट" असा शिकलेलो असतो. त्यामुळे ठसठशीत "कॅन" कानावर पडला की मराठी कान तो होकार धरतो, आणि नेमका तोच नकार असतो. शिवाय मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, "नाही" हा शब्द स्वतंत्रपणे उभा असतो, तो असा कोणी गिळत नाही. वहिनींना व्याकरणाच्या पुस्तकात हे कुठेही भेटले नव्हते. मी स्वतः या देशात तेवीस वर्षे काढली आहेत, आणि माझीही कामाच्या ठिकाणी याच शब्दाने एकदा चांगली फजिती केली आहे.

त्या दिवशीचे खरे नुकसान पुढे झाले. हुकलेली परीक्षा पुन्हा देता येईल का, हे विचारायला हवे होते. शिक्षिकेने अभ्यासक्रमाच्या कागदावर भेटण्याच्या वेळा छापून दिल्या होत्या. त्यांना "ऑफिस अवर्स" म्हणतात. वहिनींनी त्याचा अर्थ कार्यालय उघडे असण्याची वेळ असा घेतला होता, म्हणजे फी भरायची, दाखले मागायचे ती खिडकी. शिक्षिका त्या वेळात आपल्या खोलीत केवळ विद्यार्थ्यांसाठी बसून असतात आणि तिथे न बोलावता जायचे असते, हे त्यांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ठाऊक नव्हते. तोवर पुन्हा परीक्षा देण्याची मुदत टळली होती. वर्गात त्या शिक्षिकेला एवढेच म्हणाल्या होत्या की बस प्रॉब्लेम, आणि शिक्षिकेने मान डोलावून सहानुभूती दाखवली होती.

वसतिगृह काय देते, असे कोणी विचारले तर मी या दोन शब्दांकडे बोट दाखवीन. खोलीत दुसरे कोणी असते, तर पहिल्याच आठवड्यात "ऑफिस अवर्स म्हणजे काय गं?" एवढा एक प्रश्न, कपडे धुण्याच्या यंत्रापाशी उभे राहून, विचारला गेला असता. अशा माहितीचा वर्ग कोणी घेत नाही, कारण ती शिकवावी लागते हेच कोणाच्या लक्षात नसते. अर्थात वसतिगृहाच्या भिंतींत काही जादू नाही. मोठ्या विद्यापीठांत आलेली आपली मुले चौघे-चौघे मिळून फ्लॅट घेतात, वरण-भाताची पाळी लावतात आणि दोन वर्षांची पदवी पुरी करून बाहेर पडतात तेव्हा त्यांचेही बोलणे जिथल्या तिथे असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

घरातला उपाय

डिसेंबरात निकाल लागला. लेखन आणि व्याकरण चांगल्या गुणांनी पार झाले, ऐकणे-बोलणे त्याच पातळीवर पुन्हा घ्यावे लागणार होते. पतीने सुचवले की आता घरात इंग्रजीच बोलायचे. हेतू चांगला होता, पण नियम चार दिवस टिकला. त्यांचे स्वतःचे इंग्रजी दिवसभर संगणकावरच्या बैठकांत खर्च होई आणि संध्याकाळी सहानंतर त्यांना "जेवायला काय आहे" हे दुसऱ्या भाषेत विचारण्याचे त्राण नसे. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र हा खेळ आवडला. दीड-दोन महिन्यांत अमेरिकन उच्चार उचललेल्या त्या पोरीने मैत्रिणीसमोर आईला सांगितले, "आई, त्यातला डी म्हणायचा नसतो, वेन्सडे!" वहिनी हसल्या. पण त्यानंतर शाळेत शिक्षिकांना भेटायला गेल्या तेव्हा त्या गप्प बसल्या आणि मुलगी दुभाषी झाली. स्वतःच्याच प्रगतीविषयी शिक्षिका काय म्हणतात ते आईला तिनेच मराठीत सांगितले. तिने त्यात काय गाळले ते कळायला मार्ग नाही.

माझे मत असे की हा उपाय करूच नये. घर वसतिगृहाचे काम करू शकत नाही, आणि त्याच्याकडून ते करून घेण्याच्या नादात आई-मुलीमधली जी एक भाषा धड आहे ती मोडते. परक्या घरात राहणे ही गोष्ट वेगळी. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत आल्या त्या याच राज्यातल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात उतरल्या होत्या, आणि त्या घरात चहाच्या कपापासून इंग्रजीच होते. वहिनींच्या घरात चहा मराठीत होतो, आणि तसाच व्हावा.

दुसरे सत्र

जानेवारी २०२४ च्या सत्रासाठी आम्ही एकच बदल केला. दोन तास एकमेकांना लागून न घेता मध्ये शंभर मिनिटे मोकळी ठेवली : पहिला तास साडेनऊ ते दहा पन्नास, दुसरा साडेबारा ते एक पन्नास. दोन पाचची बस धरली तर घरी पोहोचायला सव्वातीन. मुलीच्या बसला दहाच मिनिटे उरत, म्हणून शेजारच्या गुजराती काकींकडे किल्ली देऊन ठेवली. पहिला महिनाभर वहिनी परतीच्या बसमध्ये दर थांब्यावर घड्याळ बघत.

पहिले तीन आठवडे त्या शंभर मिनिटांतून काहीच निघाले नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर डबा उघडून वहिनी आईला फोन लावत. हिवाळ्यात इथे अकरा वाजलेले असतात तेव्हा गावी रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. आईची जेवणे उरकून भांडी पालथी पडलेली असतात, बोलायला सगळ्यात निवांत वेळ. म्हणजे इंग्रजीसाठी राखलेली जागा सरळ मराठीने भरली. मोकळा वेळ दिला म्हणून माणूस परक्या भाषेत बोलायला लागत नाही, एवढी अक्कल मला तेव्हा आली.

फरक पडला तो भाकरीमुळे. दुसऱ्या तासाला मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातून आलेल्या, न्यू ब्रन्सविकला राहणाऱ्या एक बाई होत्या. न्यू ब्रन्सविकमध्ये त्या प्रांतातल्या लोकांची मोठी वस्ती आहे. या बाई एके दिवशी जागा नाही म्हणून समोर येऊन बसल्या आणि डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले की हे मक्याचे आहे का. त्यांच्या घरी मक्याच्या पिठाची, साधारण याच जातीची पोळी रोज होते. मग ती करतात कशी, हे सांगायची वेळ आली आणि वहिनींचा शब्दकोश उघडा पडला. त्यांना स्फटिकीकरणाचा इंग्रजी शब्द येत होता, श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या दाटपणाचा, येत होता, आणि पीठ मळणे, थापणे, उलटणे, फुगणे यांपैकी एकही येत नव्हता. त्यांनी टेबलावर तळहात आपटून थापण्याची कृती करून दाखवली. समोरच्या बाईंनी दोन्ही हात एकमेकांवर दाबून आपल्याकडचा लोखंडी दाबयंत्राचा प्रकार दाखवला. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी "पॅट" हा शब्द पुरवला. त्या दिवशीच्या वहीत चार नवी क्रियापदे आहेत आणि कडेला लिहिले आहे : "तिलाही मळणेचा शब्द येत नव्हता."

ही कडेची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकन माणसाशी बोलताना वहिनी वाक्य मनात जुळवून तपासत, तोवर बोलणे पुढे जाई. या बाईंशी बोलताना तशी लाज वाटत नव्हती, आणि दुसरी कोणतीही भाषा दोघींत समान नसल्यामुळे पळवाटही नव्हती. गुजराती बाईंशी जोडी लागली की हिंदी मदतीला येई; इथे इंग्रजी मोडकी असली तरी तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. फेब्रुवारीच्या मध्यापासून त्या बाई वहिनींना आपल्या मोटारीतून सोडू लागल्या, कारण दुपारी मेट्रोपार्क स्थानकाजवळच्या कार्यालयांत त्यांचे साफसफाईचे काम असे आणि वहिनींचे घर वाटेवरच होते. पंचवीस मिनिटांचा रस्ता. घरमालक भाडे वाढवतो आहे, मुलगा ऐकत नाही, डावीकडे वळ, इथे नको पुढे, नवरा बरा आहे पण. अशा विषयांवर बोलायला पाठ्यपुस्तकात धडे नसतात.

याची दुसरी बाजूही दिसली. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळला तरी वाक्य पुरे होते, म्हणून त्या बाई "इट" न लावता "इज गुड", "इज फार" असे बोलत, आणि मार्चपर्यंत वहिनीही तसेच बोलू लागल्या. शिक्षिकेने दोघींच्या वहीत एकच चूक एकाच आठवड्यात लाल केली. मी याबद्दल फारशी चिंता केली नाही. न बोलण्याची चूक दुरुस्त करायला कित्येक महिने गेले होते, "इट" लावायला तीन आठवडे पुरले.

मधल्या काळात एकदा बर्फ पडला आणि कॉलेज उशिरा उघडणार असल्याचा संदेश फोनवर आला. वहिनींनी तो वाचला, पण आपला साडेनवाचा तास नेहमीप्रमाणे आहे असे समजून त्या पोहोचल्या, आणि बंद वर्गाबाहेर दोन तास एका सफाई कामगाराशी मीठ टाकून बर्फ का वितळते यावर बोलत बसल्या. रसायनशास्त्र इथे प्रथमच उपयोगी पडले.

मे महिन्यात ऐकणे-बोलणे पार झाले. वाक्ये मोजणे त्यांनी मार्चमध्येच सोडले होते, मिनिटे लिहीत होत्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उपाहारगृह, मोटार आणि आमचा शनिवारचा तास मिळून साधारण दोनशे मिनिटांची नोंद आहे. कोणी म्हणेल की पहिल्या वर्षानंतर सगळ्यांचेच बोलणे सुटते, त्यात मोकळ्या वेळेचे आणि भाकरीचे श्रेय किती. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, आणि वहिनींच्या तिसऱ्या सत्राने त्याला काही अंशी उत्तर दिले.

स्वतःची मोटार

हिवाळ्यातच वहिनींनी वाहन चालवण्याची लेखी परीक्षा दिली होती. पन्नास प्रश्नांपैकी चाळीस बरोबर यावे लागतात. एकवीस वर्षांवरील नवशिक्याला शिकाऊ परवान्यावर, शेजारी परवानाधारक बसवून, किमान तीन महिने सराव करावा लागतो. जूनमध्ये त्यांना परवाना मिळाला, उन्हाळ्यात एक जुनी मोटार घेतली गेली, आणि घरात पेढे वाटले गेले. सप्टेंबर २०२४ च्या सत्रात सव्वा तासाचा प्रवास अठरा मिनिटांवर आला. आता मध्ये मोकळा वेळ कशाला, म्हणून दोन तास पुन्हा लागून घेतले. बारा वीसला वर्ग सुटला की वहिनी पावणेएकला घरी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याची नोंद पस्तीस मिनिटांची आहे, आणि तीतही पंचवीस शनिवारची. स्वतंत्र मोटारीत माणूस एकटा असतो. बसमध्ये निदान चालक होता. त्या मेक्सिकन बाई दुसऱ्या तुकडीत गेल्या होत्या आणि फक्त वाहनतळावर लांबून हात करायच्या. सत्राच्या मध्यावर शिक्षिकेने लिहून दिलेल्या अभिप्रायात वहिनी समजून घेतात पण संभाषण सुरू करत नाहीत, असे वाक्य होते. पहिल्या सत्रातल्या अभिप्रायाशी ते ताडून पाहिले तेव्हा जवळजवळ तेच शब्द निघाले. या वेळी शिक्षिका वेगळ्या होत्या.

नोव्हेंबरात मेक्सिकन बाईंची मोटार दुरुस्तीला गेली आणि तीन आठवडे वहिनी त्यांना आणायला न्यू ब्रन्सविकपर्यंत जाऊ लागल्या. उलट दिशेचा फेरा होता, पेट्रोल जास्त जाई, आणि पतीने एकदा बोलून दाखवले. आणखी एक अडचण अशी निघाली की मोटार चालवताना वहिनींना बोलताच येत नाही. रूट वन या महामार्गावर रहदारी असली की दोन्ही हात चाकावर घट्ट धरून त्या फक्त "हं" म्हणतात आणि शेजारच्या बाई घरमालकाची हकिकत एकट्याच सांगत राहतात. तरी लाल दिव्यापाशी थांबल्यावर वहिनी तुटलेला धागा धरून प्रश्न विचारतात, आणि प्रश्न बरोबर जागी लागतो.

डिसेंबरात त्यांनी जानेवारीच्या सत्राची नोंदणी केली. पहिला तास साडेनऊला, दुसरा साडेबाराला. नोंदणी करणाऱ्या सल्लागाराने विचारले की लागून असलेली तुकडी रिकामी आहे, ती देऊ का. वहिनींनी नको म्हणून सांगितले, आणि सांगताना नकारातला स्वर पुरेसा ठसठशीत काढला. आईला आता फोन रविवारी असतो.